हायब्रिड, डिझेल की पेट्रोल: तिलकनगर ते पीथमपूर रोजच्या गाडीचा हिशोब

ताई, तुमचा प्रश्न असा की घर इंदूरच्या तिलकनगरला, नोकरी पीथमपूरला, रोजचं जाऊन-येऊन ६४ किलोमीटर होतं, वर्षातून चारेक वेळा सासरी बडोद्याला जाणं होतं, आणि घरात तीन मतं आहेत. भाऊ म्हणतो हायब्रिडच घे, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरी आणि विजेची मोटर असलेली, सासरे म्हणतात डिझेलसारखं दुसरं काही नाही, आणि मिस्टर म्हणतात साधी पेट्रोल घेऊन टाक, वाचलेल्या पैशात कित्येक वर्षं पेट्रोल भरता येईल. मग खरं कोणाचं? मी म्हणेन तिघांचंही खरं आहे, फक्त प्रत्येकजण वेगळ्या रस्त्यावरची गाडी मनात धरून बोलतोय. भाऊ पलासियाच्या सिग्नलवरची गाडी बघतोय, सासरे बडोद्याच्या हायवेवरची, आणि मिस्टर शोरूममधल्या बिलाकडे बघतायत. तुमची गाडी या तिन्ही ठिकाणी असणार आहे, म्हणून कुठे किती किलोमीटर चालणार ते आधी मांडायचं आणि मग गाडी ठरवायची. उलटं केलं की फसगत होते, बावीस वर्षं गाड्यांचं काम करतोय, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला होतो आणि आता भंवरकुआंकडे स्वतःचं गॅरेज आहे, आणि या बावीस वर्षांत "गाडी एवरेज देत नाहीये" ही तक्रार जितक्या वेळा ऐकली तितकी दुसरी कुठली ऐकली नाही, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांमध्ये बिघाड काहीच नसतो, गाडीच त्या रस्त्यासाठी चुकीची घेतलेली असते.

सगळ्यात आधी एक सवय सोडा, "लिटरला किती देते" असं विचारायची. आपण सगळेच तसं विचारतो पण तो आकडा डोळ्यांना फसवतो. बघा, एक गाडी १० ची आहे ती बदलून १४ वाली घेतली, आणि दुसऱ्या कोणी २० ची बदलून २८ वाली घेतली. ऐकायला दुसऱ्याचा फायदा मोठा वाटतो, चारने वाढ कुठे आणि आठने कुठे. पण १०० किलोमीटरला किती लिटर लागलं ते काढा, पहिल्याचं १० लिटरवरून ७.१४ वर आलं, म्हणजे २.८६ लिटर वाचलं, दुसऱ्याचं ५ वरून ३.५७, म्हणजे १.४३. बरोब्बर निम्मं. म्हणून मी गिऱ्हाईकाला नेहमी १०० किलोमीटरला किती लिटर आणि त्याचे रुपये किती हेच काढून देतो, त्यात डिझेल आणि पेट्रोलचा वेगळा भावही आपोआप हिशोबात येतो, नाहीतर लोक डिझेलच्या २० ची पेट्रोलच्या २० शी तुलना करत बसतात. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण दहा-बारा टक्के ऊर्जा मुळातच जास्त असते, म्हणजे डिझेल गाडी लिटरला जे जास्त देते त्यातला काही भाग इंजिनाचा नाहीच, तो इंधनाचाच आहे.

आता कंपनीचे आकडे. मारुतीच्या ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला, म्हणजे इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवरही चालू शकते त्या गाडीला, लिटरला २७.९७ लिहिलंय आणि त्याच गाडीच्या साध्या मॅन्युअलला २१.११. इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडला २३.२४, तीच हायब्रिड नसलेली १६.१३. हे आकडे खोटे नाहीत, पण ते कसे काढतात ते माहीत पाहिजे. गाडी रोलरवर उभी करतात, चाकं रोलरवर फिरतात, आणि एक ठरलेला कार्यक्रम चालवतात, ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटंही नाही, त्यात अंतर पावणेअकरा किलोमीटरच्या आत, सरासरी वेग ३२-३३ आणि कमाल वेग ९०, तोही शेवटी थोडाच वेळ. एसी बंद. वारा नाही, चढ नाही, पीथमपूरच्या वाटेवरच्या राव गावाच्या चौकातला ट्रक नाही. तुमच्या पीथमपूरलाच नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झाला, अनेकांना वाटतं की एवरेजचे आकडे तिथे गाडी पळवून निघतात, तसं नाही, एवरेजचा सर्टिफिकेटवरचा आकडा रोलरवरचाच. आणि या कार्यक्रमात थांबणं-सुटणं-थांबणं भरपूर आहे, म्हणजे हायब्रिडला जे आवडतं नेमकं तेच. म्हणून हायब्रिडचा कागदावरचा आकडा शहरात बऱ्यापैकी जवळ येतो आणि हायवेवर मात्र खूप दूर राहतो, डिझेलचं उलटं होतं.

असं का होतं ते थोडं खोलात सांगतो कारण हे एकदा कळलं की पुढचे सगळे निर्णय तुमचे तुम्हीच घेऊ शकाल. पेट्रोलच्या इंजिनात हवा आत घेण्याच्या वाटेवर एक झडप असते, थ्रॉटल म्हणतात, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा ती उघडते. हळू चालवताना ती जवळजवळ बंद असते, आणि इंजिनाला त्या फटीतून हवा ओढावी लागते. एक नाकपुडी दाबून धरून जिना चढून बघा, तसं. त्या ओढण्यातच पेट्रोल वाया जातं. एरवी चांगल्या लोडवर पेट्रोलमधली ३५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामी लावणारं इंजिन जेल रोडच्या गर्दीत रांगताना त्याच्या निम्म्यावर येतं, आणि सिग्नलला उभं असताना तर शून्यच, एसी लावून उभी गाडी तासाला लिटरभर पेट्रोल नुसती पिते. डिझेलमध्ये हवा अशी अडवून धरावी लागत नाही, हवा मोकळी आत येते आणि फक्त डिझेल कमी-जास्त सोडलं जातं, शिवाय दाब खूप जास्त, हवा पेट्रोलपेक्षा जास्त आवळली जाते, म्हणून कमी लोडवरही डिझेल इतकं घसरत नाही. डिझेलची खरी हुशारी ही आहे आणि सासऱ्यांचा अनुभव याच्यावरच उभा आहे.

हायब्रिड काय करते, तर पेट्रोल इंजिनाला ते नाक दाबून चालणंच करू देत नाही. रांगायचं असेल तर मोटर, इंजिन बंद. बॅटरी उतरली की इंजिन चालू होतं पण तेव्हा ते चांगल्या लोडवर चालतं, चाकांनाही देतं आणि उरलेलं बॅटरीत टाकतं, आणि परत बंद. आपण एकेका पोळीसाठी तवा तापवत नाही ना, एकदा तापला की सगळ्या पोळ्या उरकून घेतो, अगदी तसंच. वर ब्रेक दाबला की जी ताकद एरवी ब्रेकपॅडमध्ये तापून उडून जाते त्यातला बराच भाग मोटर उलटी फिरून बॅटरीत परत आणते. शिवाय त्या इंजिनाची रचनाही वेगळी, ॲटकिन्सन सायकल म्हणतात, व्हॉल्व उशिरा बंद करून पसरण्याचा टप्पा लांब ठेवतात, त्याने ताकद थोडी कमी मिळते पण कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास जाते. ताकदीची कमी मोटर भरून काढते. टोयोटाने १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये प्रियस आणली तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे, नवीन काही नाही, आपल्या बजेटमध्ये मात्र ती २०२२ मध्ये आली, होंडाची सिटी हायब्रिड, मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर सगळ्या त्याच वर्षीच्या.

मागच्या मे महिन्यात एका गिऱ्हाईकाची हायब्रिड घेऊन मी स्वतः संध्याकाळी सात वाजता भंवरकुआंहून राजवाड्याकडे निघालो होतो, त्यांची तक्रार होती की इंजिन सारखं चालू-बंद होतंय. बाहेर ४० च्या वर, एसी फुल. मी फक्त ऐकत होतो की इंजिन कधी लागतंय. साडेचार-पाच किलोमीटरला पस्तीस मिनिटं लागली, त्यात इंजिन एकूण दहा-बारा मिनिटं चाललं असेल, तेही एसीमुळे बॅटरी लवकर उतरत होती म्हणून. तक्रार काहीच नव्हती, गाडी तिचं काम करत होती. माझ्या बाजूने रांगणारी प्रत्येक गाडी ती पस्तीस मिनिटं सलग इंधन जाळत होती, फरक एवढाच, पण सगळा फरक तिथेच आहे.

पण हायवेला लागलं की हायब्रिडची ही सगळी हुशारी बसून राहते. १०० च्या वेगाने सलग जाताना ब्रेक लागत नाही म्हणजे परत काही मिळत नाही, इंजिन चालूच ठेवावं लागतं, आणि मग ती एक चांगली पेट्रोल गाडी असते, सोबत बॅटरी आणि मोटरचं वजन. त्यात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून ११० वर गेलात की हवेला ढकलायला दर किलोमीटरला जवळजवळ १.९ पट ताकद लागते. याची झळ तिन्ही गाड्यांना बसते पण हायब्रिडला जास्त जाणवते कारण लोक शहरातला आकडा डोक्यात ठेवून बसलेले असतात. एकच हायब्रिड ८० ला २३-२४ देते आणि ११० ला १७. डिझेल ११० लाही १७-१८ च्या खाली सहसा जात नाही.

घाटाचंही असंच. लोकांना वाटतं उतारावर हायब्रिड भरपूर कमावेल. कमावते, पण तिची तिजोरी लहान आहे. ग्रँड व्हिटाराची बॅटरी पाऊण युनिटची, ०.७६, आणि तीही पूर्ण वापरत नाहीत, मधलाच भाग वापरतात म्हणजे ती टिकते. दीड टनाची गाडी ३०० मीटर उतरली तर सव्वा युनिटच्या आसपास ऊर्जा सुटते, त्यातलं हवेत आणि टायरमध्ये गेलेलं सोडलं तरी मानपूरचा घाट अर्धा उतरेपर्यंत बॅटरी भरलेली असते, मग पुढे इंजिनच्या आवाजाने लोक घाबरतात की पेट्रोल जळतंय का, तर नाही, गाडी इंजिनाला नुसतं फिरवून ब्रेकचं काम करून घेत असते.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो कारण यात माणसं फसलेली बघितली आहेत. गाडीच्या मागे "हायब्रिड" लिहिलंय म्हणजे ती हायब्रिड नाही. माइल्ड हायब्रिड किंवा स्मार्ट हायब्रिड म्हणतात त्यात फक्त अल्टरनेटरच्या जागी थोडी दमदार मोटर असते, ती इंजिन पटकन चालू करते, उचलताना जरासा हात लावते, बस. ती मोटर गाडी एकटी एक फूटही चालवू शकत नाही. एक शिक्षिका आल्या होत्या, त्यांना सेल्समनने हायब्रिड सांगून माइल्ड वाली दिली आणि त्या पेपरातला २८ चा आकडा धरून बसल्या होत्या, शहरात गाडी १२ देत होती, आणि तिच्या प्रकारासाठी १२ बरोबरच होतं. त्यांना सांगताना मलाच वाईट वाटलं, कारण करण्यासारखं काहीच नव्हतं. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: इंजिन बंद असताना ही गाडी नुसत्या बॅटरीवर सिग्नलवरून सुटते का? सुटत असेल तर चालवून दाखवायला लावा.

आता डिझेल. एवरेजच्या बाबतीत मला डिझेल मनापासून आवडतं, पण बीएस-६ या धुराच्या कडक नियमानंतरचं डिझेल हे सासऱ्यांच्या वेळचं डिझेल राहिलेलं नाही. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, मारुतीने तर त्याच वेळी डिझेल बंदच केलं, आणि एप्रिल २०२३ ला रस्त्यावरच्या प्रत्यक्ष धुराची तपासणी लागू झाली तेव्हा आणखी काही डिझेल गाड्या गेल्या. जे उरलं त्यात सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, काजळी पकडणारा फिल्टर. तो भरत जातो आणि गाडी अधूनमधून स्वतःच त्याला ५५०-६०० डिग्रीपर्यंत तापवून काजळी जाळून टाकते. त्यासाठी तिला पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर सलग चालणं हवं असतं. ते मिळालं नाही तर?

स्नेहलतागंजचे एक गृहस्थ आहेत, रिटायर झाल्यावर हौसेने डिझेल घेतली, आणि चालणं काय, तर सकाळी मंदिर, दुपारी बँक, संध्याकाळी मुलीकडे, कुठलीच फेरी चार-पाच किलोमीटरच्या वर नाही. आठ महिन्यांत पिवळा दिवा लागला आणि गाडी उचलेना. मी बॉनेट उघडलं, ऑइलची डिपस्टिक ओढली, पुसली, परत घातली आणि काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही चांगलं बोटभर वर. ते म्हणाले कोणीतरी जास्त ओतलं असेल. मी दोन बोटांत चोळून बघितलं, पाण्यासारखं पातळ, आणि वास स्वच्छ डिझेलचा. फिल्टर तापवायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते, आणि दर वेळी मधेच चावी बंद झाली की त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळतं. असं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. ऑइल बदललं, मशीन लावून फिल्टर जाळून घेतला, आणि त्यांना सांगितलं की दर रविवारी देवासपर्यंत एक चक्कर मारायची, चौथ्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे थोडे वर ठेवून. आता ते दोघं नवरा-बायको दर रविवारी टेकडीवर देवीच्या दर्शनाला जातात आणि दिवा परत लागलेला नाही. पण एवरेजसाठी डिझेल घेऊन फिल्टरसाठी दर आठवड्याला सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरायचं हा हिशोब बसत नाही. तुमच्या बाबतीत ही भीती नाही ताई, राव सोडल्यावर तुम्हाला रोज तेवढा मोकळा रस्ता मिळतो.

इंधनाच्या भावाचा मुद्दाही इथे येतो, गाव बदललं की उत्तर बदलतं. इंदूरला पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे चौदा-पंधरा रुपयांचा फरक आहे, मी हिशोबाला पेट्रोल १०७ आणि डिझेल ९२ धरतो. बडोद्याला पेट्रोल ९५ च्या आसपास आणि डिझेल ९०, म्हणजे फरक पाचच रुपये, कारण टॅक्स प्रत्येक राज्याचा वेगळा. त्यामुळे तुमच्या बडोद्याच्या दिरांनी हायब्रिड घेतली आणि ती त्यांना परवडली म्हणून ती इंदूरला तेवढीच परवडेल असं नाही, आणि सासऱ्यांचं इंदूरच्या भावातलं डिझेलप्रेम बडोद्याला तितकं चालणार नाही. आणि हो, बडोद्याहून परत येताना पिटोल बॉर्डरच्या आधी गुजरातेतच टाकी फुल करत जा, पेट्रोल गाडीला ४० लिटर घेतलं तरी पावणेपाचशे रुपये वाचतात, डिझेलला त्या मानाने काहीच नाही.

चला, तुमचा हिशोब मांडू. रोज ६४ किलोमीटर, त्यातले तिलकनगर ते राव आणि परत असे २८ शहरातले, उरलेले ३६ राव ते पीथमपूर, जिथे गाडी ६०-७० च्या वर फारशी जात नाही कारण ट्रेलर आणि कंपन्यांच्या बसेस पुढे असतात. वर्षाला २८८ दिवस धरले आणि घरची इकडची-तिकडची धावपळ मिळवली की शहर ९,०००, पीथमपूरचा रस्ता १०,३००, बडोदा जाऊन-येऊन ६८० च्या चार फेऱ्या म्हणजे २,७००. एकूण २२,०००. आता साधारण एकाच मापाच्या, दीड लिटर इंजिनच्या एसयूव्ही धरतो, पेट्रोल ऑटोमॅटिक, आणि आकडे माझ्या गॅरेजच्या वहीतले, एसी लावून चालवलेल्या गाड्यांचे, कंपनीचे नाहीत. शहरात पेट्रोल ११, डिझेल १४, हायब्रिड २१. तर १०० किलोमीटरला पेट्रोलचे ९७३ रुपये, डिझेलचे ६५७, हायब्रिडचे ५१०. पीथमपूरच्या रस्त्यावर पेट्रोल १७, डिझेल २०, हायब्रिड २३, म्हणजे ६२९, ४६० आणि ४६५, बघा इथे डिझेल आणि हायब्रिड बरोबरीत आले, हायब्रिड लिटरला तीन किलोमीटर जास्त देऊनसुद्धा. बडोद्याच्या हायवेवर शंभरच्या वेगाने पेट्रोल १६, डिझेल १९, हायब्रिड १८, म्हणजे ६६९, ४८४ आणि ५९४, इथे डिझेल सरळ पुढे.

वर्षाची बेरीज: पेट्रोल १ लाख ७० हजार, डिझेल १ लाख २० हजार, हायब्रिड १ लाख १० हजार.

म्हणजे साध्या पेट्रोलपेक्षा हायब्रिडमध्ये वर्षाला ६० हजार वाचतात. मिस्टरांचा मुद्दा आता तपासू. त्याच दर्जाच्या पेट्रोल आणि स्ट्राँग हायब्रिडमध्ये ऑन-रोड फरक समजा अडीच लाख निघाला, तर तो चार वर्षं आणि एक-दोन महिन्यांत वसूल. तुम्ही गाडी आठ-दहा वर्षं ठेवणाऱ्या आहात, तर पेट्रोल बाजूला ठेवा. पण हाच हिशोब वर्षाला ७-८ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला लावला तर वसूल व्हायला अकरा-तेरा वर्षं लागतात, त्याच्यासाठी मिस्टरांचंच खरं आहे, त्याने साधी पेट्रोल घ्यावी आणि निवांत राहावं. मला येणाऱ्या दहा चौकशांमध्ये सहा-सात जणांना मी हेच सांगतो, कारण लोकांना आपलं चालणं असतं त्यापेक्षा खूप जास्त वाटत असतं. आधी सध्याच्या गाडीचं मीटर आणि खरेदीची तारीख बघा, वर्षाला किती पडतं ते काढा, मग बोला.

डिझेल आणि हायब्रिडमध्ये फरक वर्षाला दहाच हजारांचा, हा काही मोठा नाही, वेग जरा बदलला की इकडचा तिकडे होतो. मग बाकीच्या गोष्टी बघायच्या. डिझेलची सर्व्हिस महाग, धूर साफ करायला युरियाचं पाणी भरावं लागणारी असेल तर तो खर्च वेगळा, आरटीओचा टॅक्सही आपल्याकडे डिझेलला जास्त. दिल्लीतला जुन्या डिझेल गाड्यांचा दहा वर्षांचा नियम इंदूरला नाही, आपल्याकडे पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन आहे, त्याला घाबरू नका. हायब्रिडमध्ये ब्रेकपॅड खूप टिकतात, टोयोटा-होंडाच्या पद्धतीत वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटरच नसतो म्हणून तेही बिघडत नाहीत, मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते, म्हणजे तुमच्या चालण्याने सात वर्षांच्या वर. एक काळजी मात्र घ्यावीच लागते, बॅटरी थंड ठेवायची हवा मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून आत जाते, तिथे पिशव्या, उशा, मुलांची दप्तरं टेकवून ठेवायची नाहीत, आणि त्याची जाळी सर्व्हिसला साफ करून घ्यायची. पीथमपूरच्या धुळीत तर नक्कीच. ती तुंबली की बॅटरी तापते, गाडी मोटर कमी वापरते आणि एवरेज गपचूप खाली येतं, तेव्हा कुठलाही दिवा लागलेला नसतो.

म्हणून माझं मत, तुमच्या रस्त्याला स्ट्राँग हायब्रिड. बडोद्याच्या चार फेऱ्यांऐवजी महिन्याला दोन असत्या आणि नोकरी तिलकनगरच्या जवळच असती, तर मी सासऱ्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

गाडी आल्यावर एवरेज कसं मोजायचं तेही सांगून ठेवतो, नाहीतर महिन्याभरात तुमचा फोन येईल. समोरच्या स्क्रीनवरचा आकडा धरू नका, तो बहुतेक गाड्यांत पाच-दहा टक्के वर दाखवतो. टाकी फुल करायची, पहिला ऑटोकट झाला की थांबायचं, पंपवाल्या मुलाला सांगायचं की वरून राऊंड फिगर करायला थेंब-थेंब भरू नको, ट्रिप मीटर शून्य करायचं, चारशे-पाचशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर, त्याच नोझलवर, शक्यतो त्याच वेळी परत पहिल्या कटपर्यंत भरायचं. किलोमीटर भागिले लिटर. एका वेळचा आकडा धरायचा नाही, तीन टाक्यांची सरासरी धरायची. बडोद्याला जाताना वेगळं आणि येताना वेगळं मोजून घाबरू नका, इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आणि बडोदा जेमतेम चाळीस, जाताना उतार आणि येताना चढ, नुसता तो चढच अर्धा-पाऊण लिटर खातो. दोन्ही मिळून मोजा.

ई-२० पेट्रोलचं विचारलं होतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या मानाने हिशोबाने सहा-सात टक्के आणि आधीच्या १० टक्केवाल्याच्या मानाने तीन-साडेतीन टक्के कमी मिळणार, ई-२० साठी ट्यून केलेल्या नव्या गाडीत याहून कमी फरक पडतो. वरचे आकडे ई-२० वरचेच आहेत. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी बघा, सकाळी थंड टायरवर, पीथमपूरला पोचल्यावर नाही, तिथपर्यंत टायर तापून प्रेशर वाढलेलं असतं आणि मुलगा हवा काढून टाकतो.

आणि हायब्रिड पक्की करायच्या आधी एक काम करा. या गाड्यांत बॅटरी मागे असते म्हणून डिकी लहान होते, होंडा सिटीत तर साध्या गाडीला ५०६ लिटर आणि हायब्रिडला ३०६. बडोद्याला जाताना नेता ती मोठी बॅग आणि मुलांची एक घेऊन शोरूमला जा, डिकीत ठेवा आणि झाकण लागतंय का बघा, सेल्समनसमोरच.